गोळीतले औषध, रक्तातले औषध

पॅरासिटामॉलच्या पातळ द्रावणात कार्बनची घासून गुळगुळीत केलेली चकती बुडवली आणि तिला साधारण अर्धा व्होल्ट धन विभव दिले, की चकतीपर्यंत पोहोचणारा प्रत्येक रेणू आपले दोन इलेक्ट्रॉन तिच्या स्वाधीन करतो आणि दोन प्रोटॉन पाण्यात सोडून देतो. हे इलेक्ट्रॉन तारेतून वाहू लागतात आणि मापकावर प्रवाह दिसतो. द्रावणात औषध दुप्पट असेल तर प्रवाहही दुप्पट होतो. औषधांचे प्रमाण मोजणारे बहुतेक विद्युतरासायनिक सेन्सर या एका घटनेवर उभे आहेत. त्यांना प्रकाशाचा स्रोत लागत नाही, महागडी भिंगे लागत नाहीत, नमुना गढूळ असला तरी फारसे बिघडत नाही. मोजणीचे सगळे काम दोन-चार मिलिमीटर रुंदीच्या पृष्ठभागावर उरकते.

सगळीच औषधे अशी दाद देत नाहीत. बेन्झीनच्या कड्याला हायड्रॉक्सिल गट जोडलेला असेल तर रेणू इलेक्ट्रॉन सहज सोडतो. पॅरासिटामॉल, मॉर्फिन, लेव्होडोपा, ॲड्रेनॅलिन आणि भूल देण्यासाठी वापरले जाणारे प्रोपोफॉल ही सारी या गटातली. डायक्लोफेनॅक किंवा क्लोरप्रोमाझिनमध्ये हेच काम नायट्रोजन किंवा गंधकाचा अणू करतो. याउलट मेट्रोनिडाझोल आणि क्लोरॅम्फेनिकॉल यांच्यातला नायट्रो गट इलेक्ट्रॉन घेतो. तेथे चकतीला ऋण विभव द्यावे लागते आणि प्रवाह उलट दिशेने वाहतो. पहिल्या प्रक्रियेला ऑक्सिडीकरण म्हणतात, दुसरीला क्षपण.

पॅरासिटामॉलच्या बाबतीत एक योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. इलेक्ट्रोडवर दोन इलेक्ट्रॉन गमावल्यावर त्याचे ज्या पदार्थात रूपांतर होते तो क्विनोन-इमीन वर्गातला आहे, आणि नेमका हाच पदार्थ यकृतातील एन्झाइमेही तयार करतात. नेहमीच्या मात्रेत तो थोडाच तयार होतो आणि यकृतातले ग्लुटाथायोन त्याला लगेच निकामी करते. मात्रा फार मोठी झाली, की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि हाच पदार्थ यकृताच्या पेशींवर तुटून पडतो. ज्या गुणामुळे पॅरासिटामॉल मोजायला सोपे जाते, त्याच गुणामुळे ते अतिमात्रेत घातक ठरते.

तीन इलेक्ट्रोड, एक मायक्रोॲम्पिअर

मोजणीसाठी एक इलेक्ट्रोड पुरत नाही. ज्याच्यावर प्रक्रिया घडते तो कार्यकारी इलेक्ट्रोड. त्याचे विभव कशाच्या तुलनेत मोजायचे हे ठरवण्यासाठी स्थिर विभवाचा संदर्भ इलेक्ट्रोड लागतो. तो बहुधा सिल्व्हर क्लोराइडचा थर दिलेल्या चांदीच्या तारेचा असतो. प्रवाहाचे वर्तुळ पूर्ण करण्यासाठी तिसरा, सहायक इलेक्ट्रोड असतो. या तिघांना सांभाळणाऱ्या यंत्राचे नाव पोटेन्शिओस्टॅट. ते विभव ठरल्याप्रमाणे बदलत नेते आणि प्रत्येक क्षणीचा प्रवाह नोंदवते. विभव आडव्या अक्षावर आणि प्रवाह उभ्या अक्षावर मांडला की जो आलेख मिळतो त्याला व्होल्टॅमोग्राम म्हणतात. आलेखातले शिखर कोणत्या विभवाला आले यावरून पदार्थ कोणता असावा याचा अंदाज बांधता येतो, आणि शिखराच्या उंचीवरून तो किती आहे हे कळते. 'अंदाज' हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. त्याचे कारण रक्ताचा विषय निघाल्यावर स्पष्ट होईल.

आकडे घालून पाहिले की या मोजणीचा आवाका कळतो. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत पॅरासिटामॉलचे सुमारे ३.३ मिलिमोल असतात. गोळी एक लिटर पाण्यात विरघळवून ते द्रावण आणखी शंभर पट पातळ केले, तर दर लिटरला ३३ मायक्रोमोल उरतात. तीन मिलिमीटर व्यासाच्या कार्बन चकतीवर विभव सेकंदाला ०.१ व्होल्ट या गतीने वाढवत नेले, तर एवढ्या द्रावणातून सुमारे दीड मायक्रोॲम्पिअर प्रवाहाचे शिखर मिळते. आजच्या इलेक्ट्रॉनिकीला हा प्रवाह मोजणे अगदी किरकोळ काम आहे. याच्या हजारपट लहान प्रवाहही ती विनासायास मोजते.

मग आणखी पातळ द्रावणे मोजण्यात अडचण काय? अडचण अशी, की औषध नसलेल्या द्रावणातूनही प्रवाह वाहतो. इलेक्ट्रोड आणि पाणी यांच्या सीमेवर आयनांचा एक थर गोळा होतो आणि तो संधारित्रासारखा वागतो. विभव बदलले की हा संधारित्र भारित होतो आणि त्यासाठी प्रवाह ओढून घेतो. वरच्या उदाहरणातल्या चकतीवर हा पार्श्वप्रवाह साधारण ०.१४ मायक्रोॲम्पिअर भरतो. औषधाचा प्रवाह दीड मायक्रोॲम्पिअर असताना त्याचा त्रास जाणवत नाही. औषधाचे प्रमाण लिटरला १ मायक्रोमोलवर आले, की औषधाचा वाटा ०.०४ वर उतरतो आणि पार्श्वप्रवाहाखाली बुडून जातो.

या अडचणीवरचा तोडगा ब्रिटनच्या हार्वेल येथील अणुसंशोधन केंद्रात जेफ्री बार्कर यांनी १९५० च्या दशकात काढला. विभव सलग वाढवण्याऐवजी ते छोट्या छोट्या धक्क्यांनी वाढवायचे, आणि प्रत्येक धक्क्यानंतर किंचित थांबून मगच प्रवाह मोजायचा. संधारित्राचा प्रवाह धक्क्यानंतर फार झपाट्याने विरतो; औषधाचा प्रवाह रेणूंच्या विसरणावर अवलंबून असल्यामुळे सावकाश ओसरतो. काही मिलिसेकंद थांबले तरी पार्श्वप्रवाह बराचसा निघून गेलेला असतो आणि जे उरते ते मुख्यतः औषधाचे असते. विभेदी स्पंद पद्धत आणि चौरस तरंग पद्धत ही याच कल्पनेची दोन रूपे. औषधांच्या मोजणीत आज बहुतेक ठिकाणी यांपैकीच एक वापरली जाते.

पाऱ्याकडून कार्बनकडे

या विद्येची सुरुवात कार्बनपासून झाली नाही. प्राग येथे यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांनी १९२२ मध्ये काचेच्या केशनळीतून थेंबाथेंबाने गळणाऱ्या पाऱ्याचा इलेक्ट्रोड म्हणून वापर केला. प्रत्येक थेंब नवा, म्हणून प्रत्येक क्षणी पृष्ठभाग स्वच्छ. पोलरोग्राफी या नावाने ही पद्धत जगभर पसरली आणि १९५९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक हेरॉव्हस्की यांना मिळाले. नायट्रो गट असलेली औषधे पाऱ्यावर उत्तम मोजता येत. परंतु पाऱ्याला फार धन विभव सोसत नाही. थोडे पुढे गेले की पारा स्वतःच ऑक्सिडीकृत होऊन विरघळू लागतो. पॅरासिटामॉल, मॉर्फिन यांसारखी इलेक्ट्रॉन देणारी औषधे त्यामुळे त्याच्या आवाक्याबाहेर राहिली. पाऱ्याचे विषारीपण हे पुढे त्याला प्रयोगशाळेतून हद्दपार करण्याचे दुसरे कारण ठरले.

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात राल्फ ॲडम्स यांच्या प्रयोगशाळेत पाऱ्याप्रमाणे थेंबाथेंबाने गळणारा कार्बनचा इलेक्ट्रोड बनवण्याचा प्रयत्न चालू होता. तो फसला. पण ग्रॅफाइटची पूड आणि पाण्यात न मिसळणारा द्रव कालवून जो लगदा तयार झाला, तो नळीत घट्ट भरल्यावर उत्तम इलेक्ट्रोड म्हणून चालला. १९५८ मध्ये ॲडम्स यांनी तो जाहीर केला. हा लगदा स्वस्त आहे, पृष्ठभाग मळला तर कागदावर घासून क्षणात नवा करता येतो, आणि कालवतानाच त्यात हवा तो पदार्थ मिसळता येतो. महागडी यंत्रसामग्री नसलेल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांतही औषधांच्या विद्युतरसायनावर संशोधन होऊ शकते, त्यामागे या लगद्याचा मोठा हात आहे. पुढे काचसदृश कार्बन आला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्लॅस्टिकच्या किंवा सिरॅमिकच्या पट्टीवर कार्बनची शाई जाळीतून छापून केलेले एकदाच वापरायचे इलेक्ट्रोड आले. मधुमेही लोक बोटातले रक्त ज्या पट्टीवर घेतात ती याच जातीची.

गोळीतली मोजणी

गोळी हा सेन्सरच्या दृष्टीने सोपा नमुना आहे. गोळी कुटायची, विरघळवायची, गाळायची, ठरलेल्या पीएचच्या द्रावणात पातळ करायची आणि मोजायचे. गोळीत औषधाखेरीज स्टार्च, लॅक्टोज, मॅग्नेशिअम स्टिअरेट, पोव्हिडोन असे पूरक पदार्थ असतात. त्यांपैकी कोणीही अर्ध्या व्होल्टला कार्बनवर इलेक्ट्रॉन देत नाही. औषधाचे प्रमाणही भरपूर असते. औषधसंहितेला गोळीवर छापलेल्या मात्रेच्या साधारण ९५ ते १०५ टक्के औषध अपेक्षित असते, आणि एवढी अचूकता नीट घासलेला इलेक्ट्रोड देऊ शकतो.

कस लागतो तो मिश्र गोळ्यांत. पॅरासिटामॉल आणि कॅफीन यांची जोडी सोपी, कारण कॅफीनला इलेक्ट्रॉन सोडायला जवळजवळ दीड व्होल्ट लागतात. दोन शिखरे आलेखावर एकमेकांपासून दूर उभी राहतात. पाण्यात फसफसणाऱ्या गोळीत पॅरासिटामॉलबरोबर क जीवनसत्त्व असेल तर शिखरे जवळ येतात आणि इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर काहीतरी करणे भाग पडते. एका बाबतीत मात्र इलेक्ट्रोड विशेष उपयोगी पडतो. पॅरासिटामॉल जुने झाले किंवा ओलाव्यात राहिले, की त्याचे थोडे विघटन होऊन पॅरा-अमिनोफिनॉल तयार होते. ते मूत्रपिंडाला अपायकारक असते आणि औषधसंहितेत त्याच्यावर कडक मर्यादा आहे. पॅरासिटामॉलपेक्षा बऱ्याच कमी विभवाला ते इलेक्ट्रॉन सोडते, त्यामुळे मुख्य औषधाच्या प्रचंड गर्दीतही त्याचे लहान शिखर वेगळे ओळखता येते.

गोळी पोटात किती वेगाने विरघळेल याची चाचणी हे आणखी एक सोयीचे क्षेत्र. या चाचणीत ३७ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या ९०० मिलिलिटर द्रावणात गोळी टाकून वल्ह्याने ढवळतात आणि ठरावीक वेळाने नमुने काढतात. विरत चाललेल्या गोळीच्या भुकटीने द्रावण गढूळ होते, म्हणून प्रकाशावर चालणाऱ्या पद्धतींत प्रत्येक नमुना आधी गाळावा लागतो. इलेक्ट्रोड त्या भांड्यातच सोडून ठेवता येतो आणि गोळी विरघळण्याचा सलग आलेख मिळतो.

इतके असूनही औषध कारखान्यांच्या गुणवत्ता विभागात आजही उच्च कार्यक्षमता द्रव वर्णलेखन, म्हणजे बोलीभाषेतले 'एचपीएलसी', हेच राज्य करते, आणि ते योग्यच आहे. ते यंत्र आधी मिश्रणातले पदार्थ वेगळे करते आणि मग मोजते. इलेक्ट्रोड वेगळे न करताच मोजतो. जे त्याला दिसत नाही त्याबद्दल तो काहीच सांगत नाही. याची किंमत केवढी असू शकते ते डायएथिलीन ग्लायकॉलच्या दुर्घटनांवरून समजते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या विषारी द्रवाने दूषित झालेले ग्लिसरॉल दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. १९९० च्या दशकात बांगलादेशात आणि हैतीमध्ये मुलांच्या पॅरासिटामॉल सिरपमध्ये हेच विष निघाले. अशा सिरपमध्ये पॅरासिटामॉलचे प्रमाण अगदी बरोबर असू शकते. साध्या कार्बन इलेक्ट्रोडवर डायएथिलीन ग्लायकॉलची कसलीच खूण उमटत नाही, त्यामुळे सेन्सर त्या बाटलीला निर्दोष ठरवील. गोळीत लिहिलेले औषध आहे का आणि किती आहे, एवढ्याच प्रश्नाला या पद्धतीचे उत्तर विश्वासार्ह आहे.

रक्तात गेल्यावर

तेच पॅरासिटामॉल रक्तात मोजायला घेतले की बहुतेक सोयी नाहीशा होतात. नेहमीच्या डोसनंतर रक्तद्रवात त्याचे प्रमाण मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम, म्हणजे लिटरला साधारण ६५ ते १३० मायक्रोमोल असते. हे प्रमाण कमी नाही. पण त्याच रक्तद्रवात क जीवनसत्त्व लिटरला ५० मायक्रोमोलच्या आसपास आणि युरिक आम्ल २०० ते ४०० मायक्रोमोल असते, आणि दोघेही पॅरासिटामॉलच्या शेजारच्याच विभवाला इलेक्ट्रॉन सोडतात. उघड्या कार्बनवर तिघांची शिखरे एकमेकांत मिसळून एकच बसका उंचवटा उरतो. प्रवाहाला नाव नसते. तो कोणाच्या इलेक्ट्रॉनांचा आहे हे तारेला कळत नाही.

दुसरी अडचण पृष्ठभागाची. रक्तद्रवात लिटरला सत्तर-ऐंशी ग्रॅम प्रथिने असतात आणि ती कार्बनवर, सोन्यावर, कशावरही चिकटतात. काही मिनिटांत इलेक्ट्रोडवर प्रथिनांची साय धरते आणि प्रवाह घटू लागतो. कधी कधी औषध स्वतःच हा प्रकार करते. प्रोपोफॉल इलेक्ट्रॉन गमावल्यावर आपसात जुळून पॉलिमरचा पातळ पापुद्रा बनवते आणि तो इलेक्ट्रोडला झाकून टाकतो. शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाच्या रक्तातले प्रोपोफॉल सतत मोजता यावे ही भूलतज्ज्ञांची जुनी गरज आहे. ती पुरवण्याच्या मार्गात हा पापुद्रा मोठाच अडथळा आहे.

सरमिसळीवरचा एक उपाय विद्युतभाराचा आहे. रक्ताच्या ७.४ पीएचला क जीवनसत्त्व आणि युरिक आम्ल ऋणभारित असतात, पॅरासिटामॉल मात्र उदासीन. इलेक्ट्रोडवर नॅफिऑन या ऋणभारित पॉलिमरचा पातळ थर दिला, की पहिले दोघे दूर लोटले जातात आणि पॅरासिटामॉल आत शिरते. दुसरा उपाय पृष्ठभाग बदलण्याचा. कार्बन नॅनोनलिका, ग्राफीन किंवा धातूंचे अतिसूक्ष्म कण लावले की काही रेणूंचे ऑक्सिडीकरण जास्त सुलभ होते, शिखरे सरकतात आणि एकमेकांपासून सुटी होतात.

अशा थरांवरचे शोधनिबंध गेल्या काही दशकांत अक्षरशः ढिगाने निघाले आहेत. त्यांतल्या पुष्कळांचा अभिमानाचा विषय एकच: किती कमी प्रमाण मोजता येते. पॅरासिटामॉलसाठी लिटरला एका नॅनोमोलपर्यंत खाली जाण्याचा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. उपचाराच्या वेळी रक्तात असते त्याच्या लाखाव्या भागाइतके ते प्रमाण आहे. खरी गरज वेगळी आहे. आज बनवलेला इलेक्ट्रोड आणि पुढच्या महिन्यात बनवलेला इलेक्ट्रोड सारखेच उत्तर देतात का, निरनिराळ्या रुग्णांच्या रक्तात ते टिकते का, आणि एचपीएलसीच्या उत्तराशी ते जुळते का, यांवर सेन्सरचे भवितव्य ठरते.

रक्तातले पॅरासिटामॉल तातडीने मोजण्याची वेळ येते ती विषबाधेच्या प्रसंगी. गोळ्या घेतल्यानंतर चार तासांनी रक्तद्रवात मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त औषध असेल तर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा सुरू करतात. काळानुसार ही मर्यादा कशी उतरत जाते याचा आलेख रूमॅक आणि मॅथ्यू यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केला आणि थोड्याफार फरकाने तो आजही वापरात आहे. उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर यकृत जवळजवळ नक्की वाचते. चार तासांपूर्वीची मोजणी ग्राह्य धरता येत नाही आणि आठ तासांनंतर उशीर होऊ लागतो. मोठी प्रयोगशाळा दूर असलेल्या रुग्णालयाला मधल्या वेळात उत्तर देणारी पट्टी येथे फार मोलाची ठरेल.

पॅरासिटामॉलने दुसऱ्याच एका सेन्सरला घातलेला गोंधळही सांगण्यासारखा आहे. लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम बसवण्याची कल्पना मांडली. हे एन्झाइम ग्लुकोजलाच ओळखते, त्यामुळे निनावी प्रवाहाला एक नाव मिळाले, आणि त्यातूनच पुढे घरोघरचे ग्लुकोमीटर आणि त्वचेखाली बसवायचे सतत मोजणारे ग्लुकोज सेन्सर निघाले. या दुसऱ्या प्रकारातील काही सेन्सरांत एन्झाइमाने तयार केलेले हायड्रोजन पेरॉक्साइड सुमारे ०.६ व्होल्टला प्लॅटिनमवर मोजले जाते. क जीवनसत्त्व आणि युरिक आम्ल यांना अडवणारे पटल त्यावर असते. पॅरासिटामॉल लहान आणि उदासीन असल्यामुळे त्यातून निसटते, प्लॅटिनमवर इलेक्ट्रॉन सोडते, आणि साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. डोकेदुखीसाठी घेतलेल्या गोळीमुळे इन्सुलिनचा चुकीचा डोस घेतला जाण्याचा हा धोका खरा होता. नंतरच्या आवृत्त्यांत पटले सुधारली गेली, आणि आता अशा सेन्सरांच्या माहितीपत्रकात पॅरासिटामॉल किती घेतले तर चालेल हे लिहिलेले असते.

लिथियम: प्रवाहाविना मोजणी

मनोरुग्णांना देण्यात येणारे लिथियम हे औषध इलेक्ट्रॉन देतही नाही आणि घेतही नाही. ते नुसता धनभारित आयन आहे. तरीही रुग्णालयांत नित्य मोजल्या जाणाऱ्या औषधांपैकी विद्युतरसायनाने खऱ्या अर्थाने जिंकलेले औषध हेच. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादाच्या रुग्णांवर त्याचा गुण दाखवला. रक्तात ते लिटरला ०.६ ते १.२ मिलिमोल असावे लागते. १.५ च्या वर हातपाय थरथरणे, जुलाब, भ्रम सुरू होतात आणि पुढे जिवावर बेतते. गुणकारी आणि विषारी मात्रांत इतके थोडे अंतर असलेले औषध मोजल्याशिवाय देता येत नाही.

येथे आयननिवडक इलेक्ट्रोड वापरतात. एका पातळ पटलात फक्त लिथियमचा आयन नीट बसेल अशा आकाराची पोकळी असलेले कड्याच्या आकाराचे रेणू भरलेले असतात. पटलाच्या दोन बाजूंना लिथियमचे प्रमाण वेगळे असले की विभवांतर निर्माण होते आणि ते मोजले जाते. प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. नर्न्स्टच्या नियमाप्रमाणे प्रमाण दहापट झाले की २५ अंशांना विभव ५९ मिलिव्होल्टने बदलते. म्हणजे ०.६ पासून १.२ पर्यंतचा सगळा औषधी पल्ला अवघ्या १८ मिलिव्होल्टमध्ये मावतो, आणि एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे उत्तरात चार टक्क्यांची चूक. त्यातच रक्तात सोडियम १४० मिलिमोल असते. पटलाने लिथियमला सोडियमपेक्षा हजारपट पसंती दिली, तरीही ते सोडियम ०.१४ मिलिमोल लिथियमइतके खोटे उत्तर देते आणि ते वजा करावे लागते. हे सगळे जमवून यंत्रे वर्षानुवर्षे चालतात, ही मोठीच कामगिरी आहे.

आणि तरी चूक होते, ती बहुधा यंत्राच्या बाहेर. रक्त गोठू नये म्हणून नमुन्याच्या नळ्यांत हेपॅरिन घातलेले असते आणि त्याचा नेहमीचा क्षार लिथियम हेपॅरिन हाच असतो. हिरव्या टोपणाच्या अशा नळीत रक्त घेतले तर औषध न घेणाऱ्या माणसाच्या रक्तातही लिथियम भरपूर निघते. इलेक्ट्रोड खोटे बोलत नसतो. नळीतले लिथियम तो इमानाने मोजत असतो.

नाव ओळखणारे डीएनए

व्हँकोमायसिन, टोब्रामायसिन, डॉक्सोरुबिसिन, डिगॉक्सिन अशी पुष्कळ औषधे रक्तात इतकी कमी असतात, किंवा इलेक्ट्रोडवर इतका पुसट प्रतिसाद देतात, की थेट मोजणीचा विचारही करता येत नाही. ग्लुकोजप्रमाणे प्रत्येकासाठी तयार एन्झाइमही निसर्गात नाही. डीएनएचे किंवा आरएनएचे अगणित यादृच्छिक तुकडे घेऊन त्यांतून हव्या त्या रेणूला धरणारा तुकडा निवडून काढण्याची रीत १९९० मध्ये अमेरिकेतील दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखवली. अशा तुकड्याला ॲप्टामर म्हणतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील केव्हिन प्लॅक्सको यांच्या गटाने त्यापासून सेन्सर घडवला. ॲप्टामरचे एक टोक गंधकाच्या अणूने सोन्याच्या इलेक्ट्रोडला बांधायचे आणि दुसऱ्या टोकाला मेथिलीन ब्लू हे रंगद्रव्य जोडायचे. औषधाचा रेणू येऊन बसला की ॲप्टामर घडी बदलतो, रंगद्रव्याचे सोन्यापासूनचे अंतर बदलते आणि इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण कमी-जास्त वेगाने होऊ लागते. इलेक्ट्रॉन देणारा-घेणारा येथे रंगद्रव्याचा रेणू आहे, औषध नाही. म्हणून औषध विद्युतदृष्ट्या मुके असले तरी चालते. मेथिलीन ब्लूचे काम किंचित ऋण विभवाला चालते, आणि तेथे क जीवनसत्त्वाची किंवा युरिक आम्लाची लुडबूड नसते. शिवाय औषध सुटून गेले की ॲप्टामर पूर्वस्थितीला येतो, म्हणून मोजणी सतत चालू राहते.

२०१३ मध्ये जिवंत उंदरांच्या वाहत्या रक्तात डॉक्सोरुबिसिन आणि कानामायसिन क्षणोक्षणी मोजल्याचा निबंध याच विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. २०१७ पर्यंत सेन्सर जाग्या, हिंडत्या-फिरत्या उंदरांच्या शिरेत ठेवता येऊ लागला. पुढच्या प्रयोगांत सेन्सरचे उत्तर थेट औषध सोडणाऱ्या पंपाला जोडले गेले, आणि टोब्रामायसिन व व्हँकोमायसिन यांची रक्तातली पातळी यंत्राने आपोआप ठरल्या जागी राखली. अडचण उरते ती टिकण्याची. गंधकाचे बंध हळूहळू सुटतात, प्रथिने चढत जातात, आणि काही तासांत खूण मंदावते. त्वचेखालचा ग्लुकोज सेन्सर मात्र दहा-चौदा दिवस काम देतो.

या सेन्सरांचा एक गुण मात्र प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या तपासणीतही सहजी मिळत नाही. फेनिटॉइन हे फिट्सवरचे औषध रक्तात सुमारे ९० टक्के अल्ब्युमिनला बांधलेले असते. मेंदूपर्यंत पोहोचते ते उरलेले मोकळे औषध. तपासणीच्या अहवालात येते ती बहुधा दोन्हींची बेरीज. कुपोषणाने किंवा यकृताच्या आजाराने अल्ब्युमिन घटले, की बेरीज कमी दिसते, डॉक्टर डोस वाढवतात, आणि मोकळे औषध विषारी पातळीवर जाते. इलेक्ट्रोडवर बांधलेला ॲप्टामर मोकळा रेणूच पकडू शकतो.

सुई न टोचता

लाळ आणि घाम यांच्यावरही बरेच काम चालू आहे. लाळेत बहुधा मोकळे औषधच उतरते, हा तिचा फायदा. तोंडात राहिलेली गोळीची भुकटी हा तोटा. घामाचे प्रमाण आणि वेग माणसागणिक, ऋतूगणिक बदलतात, त्यामुळे घामातल्या आकड्यावरून रक्तातला आकडा काढणे अवघड जाते. त्वचेच्या वरच्या थरात मिलिमीटरभर शिरणाऱ्या सूक्ष्मसुया पेशींमधल्या द्रवापर्यंत पोहोचतात, आणि हा द्रव रक्ताशी बऱ्यापैकी इमान राखून असतो. पार्किन्सनच्या रुग्णांसाठी लेव्होडोपा मोजणाऱ्या सूक्ष्मसुया कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील जोसेफ वांग यांच्या गटाने २०१९ मध्ये मांडल्या. त्यांत एका सुईवर लेव्होडोपाचे थेट ऑक्सिडीकरण आणि दुसरीवर टायरोसिनेज एन्झाइमाची मदत घेऊन, असे दोन मार्गांनी एकच औषध मोजले जाते आणि एकाची चूक दुसऱ्यावरून धरता येते.

त्याच वर्षी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील गटाने निरोगी स्वयंसेवकांच्या हातावर पेनिसिलिन मोजणाऱ्या सूक्ष्मसुया लावून पाहिल्या. त्यांवर बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम बसवलेले होते. ते पेनिसिलिनचे कडे फोडते, फोडताना प्रोटॉन सुटतात, आणि भोवतालच्या पीएचमध्ये पडलेला फरक सुईवरचा इलेक्ट्रोड मोजतो. पेनिसिलिनला न जुमानणारे जीवाणू स्वतःच्या बचावासाठी जे एन्झाइम वापरतात, ते हेच.